जेरुसलेम जिंकलं होतं, मग राखता का आलं नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे : १०९९ साली युरोपातून आलेल्या ख्रिस्ती फौजेने जेरुसलेम घेतलं आणि ११८७ साली सलाउद्दीनने ते परत घेतलं. मधल्या काळात भक्कम किल्ले होते, युरोपातून पैसा येत होता, टेम्पलरांसारखे कसलेले लढवय्ये होते. तरी अठ्ठ्याऐंशी वर्षांत सगळं का कोसळलं? सलाउद्दीन थोर होता म्हणून, की ११८७च्या हत्तीनच्या लढाईत जेरुसलेमचा राजा गी याने मूर्खपणा केला म्हणून? जोडीला दोन छोटे प्रश्न आहेत. हे सगळं धर्मासाठी होतं की जमीनजुमल्यासाठी? आणि गोव्यात आलेल्या पोर्तुगीजांचा या युद्धांशी काही संबंध लागतो का?

हा विषय मी पदवीच्या वर्गांना बरीच वर्षं शिकवत आलो आहे आणि पहिला प्रश्न बहुतेक वेळा याच रूपात येतो. जेरुसलेम ताब्यात असणं ही साधी गोष्ट आणि ते जाणं हा अपघात, असं त्यात आपण नकळत धरून चालतो. मला चित्र उलटं दिसतं. समुद्रापासून आत, डोंगरावर वसलेलं, जवळ नदी नसलेलं, पावसाच्या पाण्याच्या टाक्यांवर जगणारं ते शहर. भोवतीचा मुलूख परका. अशी जागा मूठभर परदेशी लोकांनी अठ्ठ्याऐंशी वर्षं धरून ठेवली हेच नवल. म्हणून ते गेलं कसं हे विचारण्याआधी ते इतकी वर्षं राहिलं कसं, हे बघू.

उत्तर थोडं यावरही अवलंबून आहे की तुम्ही कुठल्या सालावर बोट ठेवता. ११८७ला शहर गेलं, राज्य संपलं नाही. किनाऱ्यावरचं अक्का बंदर धरून ते ‘जेरुसलेमचं राज्य’ म्हणूनच आणखी शंभर वर्षं चाललं आणि १२९१ साली बुडालं. मध्ये १२२९ ते १२४४ या काळात शहर बहुतांश वेळ पुन्हा ख्रिस्ती राजवटीखाली होतं, तेही लढाई न करता. आणि तुम्ही कोणाचा वृत्तांत वाचता यानेही फरक पडतो. १५ जुलै १०९९ला शहर पडल्यावर मोठी कत्तल झाली, याबद्दल दोन्ही बाजूंच्या लेखकांचं दुमत नाही. पण आकडे बघा. शतकभराने लिहिणारा इब्न अल-अथीर अक्सा मशिदीत सत्तर हजार मारले गेले म्हणतो. त्या काळात पूर्वेकडे प्रवासाला आलेला, जेरुसलेममध्ये राहून गेलेला अंदलुसियाचा विद्वान इब्न अल-अरबी तीन हजार म्हणतो. घोड्याच्या लगामापर्यंत रक्त आलं, हे लॅटिन वृत्तांतातलं वाक्य बायबलच्या शेवटच्या ग्रंथातल्या प्रतिमेवरून उचललेलं आहे. कैरोच्या जुन्या सिनेगॉगमध्ये सापडलेल्या पत्रांत तर पकडल्या गेलेल्या ज्यूंना खंडणी भरून सोडवण्याची धडपड दिसते, म्हणजे सगळे मारले गेले नव्हते. मोठा आकडा दिसला की मी आधी विचारतो, हा मोजला कोणी आणि केव्हा? तुम्हीही ही सवय लावून घ्या. क्रूरता त्याने कमी ठरत नाही, पण आपलं वाचन ताळ्यावर राहतं.

आता मुख्य मुद्दा. वर्गात मी फळ्यावर चार शहरांची नावं लिहितो : कैरो, दमास्कस, अलेप्पो, मोसुल. खाली सालं लिहायची आणि प्रत्येक सालासमोर त्या शहरात कोणाची सत्ता होती ते भरायचं. हा तक्ता भरून झाला की निम्मं उत्तर फळ्यावरच असतं.

१०९०च्या आसपास या चारही शहरांवर वचक ठेवू शकतील अशा दोन सत्ता होत्या : पूर्वेला सेल्जुक तुर्क, इजिप्तमध्ये फातिमी खिलाफत. १०९२ साली सेल्जुकांचा कर्तबगार वजीर निजाम-उल-मुल्क याचा खून झाला आणि काही आठवड्यांत सुलतान मलिकशहाही गेला. वारसांत भांडणं पेटली. १०९४ साली फातिमी खलिफा वारला, तिथेही वारसाहक्कावरून फूट पडली. फ्रान्समधल्या क्लेरमाँला पोप अर्बन दुसरा याने धर्मयुद्धाची हाक दिली ती नोव्हेंबर १०९५ची. त्याला सीरियातल्या भाऊबंदकीची कितपत कल्पना होती कोण जाणे, पण मुहूर्त याहून सोयीचा मिळाला नसता.

अलेप्पोत रिदवान आणि दमास्कसमध्ये दुकाक राज्य करत होते. हे दोघे भाऊ आणि एकमेकांचे हाडवैरी. धर्मयोद्ध्यांनी ऑक्टोबर १०९७ मध्ये अँटिओकला वेढा घातला, तेव्हा डिसेंबरात दुकाक कुमक घेऊन आला आणि मार खाऊन परतला. फेब्रुवारीत रिदवान आला, तोही हरला. दोघे एकत्र आले असते तर त्या थंडीत उपाशी, घोडे मेलेली ती युरोपीय फौज जेरुसलेमपर्यंत पोहोचली असती का, याची मला दाट शंका आहे. आणखी गंमत म्हणजे हे सगळे अँटिओकमध्ये गुंतलेले असताना फातिमींनी १०९८च्या उन्हाळ्यात जेरुसलेम तुर्कांकडून काढून घेतलं. म्हणजे पुढच्या वर्षी धर्मयोद्ध्यांनी जे शहर जिंकलं ते, ज्यांच्याशी ते सुरुवातीपासून लढत होते, त्या तुर्कांचं नव्हतंच. फातिमी तोवर या पाहुण्यांशी वाटाघाटी करत होते, तुर्कांचा काटा परस्पर निघतो आहे म्हणून.

हा तक्ता पुढे नेला की दिसतं, जेरुसलेमचे लॅटिन, म्हणजे पश्चिम युरोपीय ख्रिस्ती, राजे या फुटीवरच जगत होते. मोसुल आणि अलेप्पोचा झंगी जोर धरू लागला तेव्हा दमास्कसनेच जेरुसलेमच्या ख्रिस्ती राजाशी हातमिळवणी केली. डिसेंबर ११४४ मध्ये झंगीने धर्मयोद्ध्यांच्या ताब्यातलं एडेसा घेतलं, त्यातून दुसरं धर्मयुद्ध निघालं, आणि या मोठ्या फौजेने ११४८ साली वेढा घातला तो कशाला? दमास्कसला, म्हणजे शेजारातल्या एकुलत्या एका उपयोगी मित्राला. चार दिवसांत वेढा उठवून परत फिरावं लागलं. सहा वर्षांनी, ११५४ साली, झंगीचा मुलगा नूरुद्दीन दमास्कसमध्ये शिरला. मला विचाराल तर हत्तीनपेक्षा ही चूक मोठी. हत्तीनला एक लढाई हरली, दमास्कससमोर सगळं धोरणच बुडालं.

त्यानंतर प्रश्न उरला इजिप्तचा. फातिमी दरबार पोखरलेला होता आणि तो कोण गिळणार याची शर्यत ११६३ ते ११६९ या काळात जेरुसलेमचा राजा अमाल्रिक आणि नूरुद्दीन यांच्यात लागली. नूरुद्दीनचा कुर्दी सेनापती शिरकूह जिंकला, काही आठवड्यांत वारला आणि वजिरी त्याच्या पुतण्याकडे गेली. हा पुतण्या म्हणजे सलाउद्दीन. ११७१ला त्याने फातिमी खिलाफत गुंडाळली, ११७४ला नूरुद्दीन वारल्यावर दमास्कस घेतलं, ११८३ला अलेप्पो आणि ११८६ला मोसुलने त्याचं वर्चस्व मान्य केलं. तक्त्यातल्या चारही रकान्यांत पहिल्यांदा एकच नाव आलं ते ११८६ साली. हत्तीन झालं ते पुढच्याच वर्षी.

तेव्हा सलाउद्दीन थोर होता का? होता, पण कथांमध्ये रंगवतात त्या कारणासाठी नव्हे. ११७४ ते ११८६ या काळात त्याच्या तलवारीचा रोख ख्रिश्चनांइतकाच, किंबहुना जास्त, मुस्लिम सरदारांकडे होता. त्याच्या काळातही त्यावर टीका झाली. चिकाटीने, पैसे वाटून, सोयरिकी करून, वेळप्रसंगी धाक दाखवून त्याने ते चार रकाने भरले, ही त्याची खरी कर्तबगारी.

दुसरा धागा माणसांचा आहे, आणि इथे ‘धर्मासाठी की जमिनीसाठी’ याचंही उत्तर मिळतं. १०९९च्या जुलैत शहर घेतलं, ऑगस्टमध्ये अस्कलानजवळ इजिप्तची फौज हरवली, आणि मग काय झालं? बहुतेक जण घरी निघाले. त्यांनी नवस बोलला होता येशूच्या समाधीपर्यंत पोहोचण्याचा, तो फिटला. पंढरीला चालत गेलेला वारकरी तिथे घर बांधून राहत नाही, तसंच हे. शार्त्रचा फुल्चर पुढे जेरुसलेममध्येच स्थायिक झालेला धर्मगुरू होता. तो लिहितो की सुरुवातीच्या दिवसांत जेरुसलेम, याफा, रामला आणि हैफा मिळून राखायला तीनशे नाइट म्हणजे चिलखती घोडेस्वार आणि तेवढंच पायदळ होतं. तीनशे! आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गडाची शिबंदी याहून जास्त असे.

केवळ जमिनीच्या लोभाने आले असते तर ते परत का गेले? शिवाय येण्याचा खर्च बघा. नॉर्मंडीचा ड्यूक रॉबर्ट याने आपली अख्खी डची दहा हजार चांदीच्या मार्कांना धाकट्या भावाकडे, इंग्लंडच्या राजाकडे, गहाण टाकली. धर्मयोद्ध्यांचा दुसरा एक पुढारी गॉडफ्री याने बुईयाँचा वाडा आणि जमीन लिएजच्या बिशपकडे सोपवून पैसे उभे केले. घरची हमखास जमीन गहाण टाकून हजारो कोस दूरची बेभरवशाची जमीन मिळवायला जाणं, हा हिशेबी माणसाचा व्यवहार नाही. पापक्षालनाचं पोपचं आश्वासन लोकांनी खरं मानलं होतं, असंच मी समजतो. अर्थात याचा अर्थ सगळे साधुसंत होते असा नाही. पुढाऱ्यांपैकी बाल्डविनने मुख्य फौज सोडून मध्येच एडेसा गिळंकृत केलं, बोहेमंड अँटिओक धरून बसला तो फौजेबरोबर जेरुसलेमला पुढे गेलाच नाही, आणि १०९६ मध्ये ऱ्हाइन नदीकाठच्या वर्म्स आणि माइन्त्स या शहरांत ज्यूंची जी कत्तल आणि लूट झाली तिला कुठलंही धार्मिक पांघरूण पुरत नाही. माणसामाणसागणिक, एका माणसाच्याही मनात सकाळ-संध्याकाळ, कारणं बदलत असणार. पण राज्याच्या दुबळेपणाचं मूळ या भक्तीतच होतं. भक्तीने माणसं खेचून आणली आणि भक्ती पुरी झाल्यावर त्याच माणसांना घरी पाठवलं.

राहिले त्यांनी काय केलं? बंदरं घेतली, कारण खुष्कीची वाट अनातोलियात बंद झाल्यासारखीच होती आणि माणूस, घोडा, धान्य सगळं समुद्रातून येणार होतं. बंदर घ्यायला आरमार लागतं आणि ते होतं इटलीच्या व्यापारी शहरांकडे. ११०४ला जेनोवावाल्यांच्या मदतीने अक्का पडलं, ११२४ला व्हेनिसच्या मदतीने टायर, आणि टायरचा एक तृतीयांश हिस्सा व्हेनिसने करारात लिहून घेतला होता. हे व्यापारी धर्माने ख्रिस्ती, पण माल दोन्ही बाजूंना विकत. सलाउद्दीनने बगदादच्या खलिफाला लिहिलेल्या एका पत्रात फुशारकी मारली आहे की व्हेनिस, पिसा आणि जेनोवाचे लोक आपल्याच शस्त्रांची विक्री आम्हाला करतात.

ग्रामीण भागात कसणारा शेतकरी बहुतांशी मुसलमान किंवा स्थानिक पूर्व-ख्रिस्ती होता. अंदलुसियाचा प्रवासी इब्न जुबैर ११८४ साली दमास्कसहून अक्काला गेला. वाटेतल्या मुस्लिम खेड्यांबद्दल तो सांगतो की फ्रँक म्हणजे पश्चिम युरोपीय जमीनदार सुगीला निम्मं पीक घेतात आणि माणशी एक दीनार पाच किरात डोईपट्टी, बाकी घरदार त्यांचं त्यांच्याकडे राहतं. शेजारच्या मुस्लिम अंमलातल्या रयतेपेक्षा हे लोक बरे नांदतात, हे पाहून त्याला मनापासून वाईट वाटतं आणि तो ते लपवत नाही. त्याच दिवसांत सलाउद्दीन फ्रँकांच्या केराक किल्ल्याला वेढा घालून बसला होता, आणि तरी व्यापाऱ्यांचे तांडे दोन्ही मुलखांतून बिनघोर जात-येत होते. धर्मयुद्ध म्हणजे दोनशे वर्षं अखंड खणाखणी, हे चित्र डोक्यातून काढायचं असेल तर त्या प्रवासाची ही काही पानं पुरेशी आहेत. पण लष्करी दृष्टीने अर्थ असा की रयत शांत होती तरी ती राज्यासाठी लढणार नव्हती.

लढणारे किती? पुढे १३व्या शतकात इबेलिनच्या जॉनने जुनी जी यादी नोंदवून ठेवली, तीत सगळ्या सरंजामी जहागिऱ्यांवर मिळून पावणेसातशेच्या आसपास नाइट, आणि चर्च व शहरांवर पाच हजारांवर सार्जंट म्हणजे साधे सैनिक पुरवण्याची जबाबदारी होती. टेम्पलर आणि हॉस्पिटलर हे लढवय्ये संन्यासी आणि भाडोत्री शिपाई धरले तरी अडचण तीच : मैदानात उतरायची फौज आणि किल्ल्यांची शिबंदी ही एकच माणसं होती. किल्ला शत्रूला अडवून धरतो, पण बाहेरून सोडवायला कोणी येणार असेल तरच त्या अडवण्याला अर्थ. मैदानी फौज बुडाली की तट कितीही जाड असोत, वर उभं राहायला माणूस नाही. म्हणून जेरुसलेमच्या शहाण्या राजांचा शिरस्ता होता : मोठी लढाई टाळायची, पाण्याजवळ तळ ठोकून बसायचं आणि वाट बघायची. शत्रूची फौज हंगामी असते. सुगी आली, थंडी आली की अमीर आपापल्या जहागिरीकडे परततात.

आता राजा गीच्या मूर्खपणाकडे येऊ. ११८३च्या शरदात सलाउद्दीन जॉर्डन ओलांडून आला तेव्हा गी हा कुष्ठरोगी राजा बाल्डविन चौथा याचा कारभारी होता. त्याने अगदी शिरस्त्याप्रमाणे केलं : मोठी फौज घेऊन पाण्याजवळ बसला, लढाई दिली नाही. सलाउद्दीन काही दिवसांनी कंटाळून निघून गेला. राज्याची वीतभर जमीन गेली नाही. बक्षीस काय मिळालं? भित्रा म्हणून दरबारात हेटाळणी झाली आणि बाल्डविनने त्याच्याकडून कारभार काढून घेतला. हाच गी ११८६ला बायको सिबिलाच्या हक्काने राजा झाला, तेव्हा निम्मे सरदार त्याच्या विरोधात होते. त्रिपोलीचा (आजच्या लेबननमधल्या) सरदार रेमंड तर सलाउद्दीनशी स्वतंत्र तह करून बसला होता. त्यात केराकच्या रेनाल्डने तह चालू असताना मुस्लिम तांडा लुटला आणि परत द्यायला नकार दिला. सलाउद्दीनला निमित्त मिळालं.

जुलै ११८७च्या सुरुवातीला राज्यातून मिळेल तो माणूस गोळा करून फौज सफूरियाच्या झऱ्यांवर जमली होती. नाइट बाराशेच्या आसपास आणि एकूण माणसं पंधरा-वीस हजार, असे आजचे अंदाज आहेत. इंग्लंडच्या राजाने टेम्पलरांकडे ठेवलेला पैसा फोडून भाडोत्री घेतले होते. सलाउद्दीनने सरोवराकाठच्या तिबेरियासला वेढा घातला. गढीत रेमंडची बायको अडकली होती, आणि तरी रेमंडच म्हणाला की जाऊ नका, मधल्या वाटेत पाणी नाही, तिबेरियास गेलं तर गेलं. संध्याकाळी ठरलं, जायचं नाही. रात्री टेम्पलरांचा प्रमुख जेरार राजाच्या तंबूत गेला आणि पहाटे कूच करण्याचा हुकूम सुटला.

गीच्या जागी मी स्वतःला ठेवून बघतो. चार वर्षांपूर्वी तो थांबला तर पद गेलं. आता त्याला थांबायला सांगतोय तो रेमंड, ज्याने कालपर्यंत शत्रूशी तह केला होता. परक्याच्या पैशाने फौज उभी केलेली, ती न लढता घरी पाठवायची तर उत्तर काय द्यायचं? निर्णय चुकीचाच होता, पण त्याला मूर्खपणा म्हणून सोडून दिलं तर शिकण्यासारखं काही उरत नाही. फुटलेल्या दरबाराने राजाला योग्य निर्णय घेण्याची सोय ठेवली नव्हती.

अंतर जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटरचं. ३ जुलैला फौज निघाली, दिवसभर तुर्की घोडेस्वार तिरंदाजांनी पिछाडी टोचत ठेवली, वेग मंदावला आणि रात्री पाण्याविना मुक्काम पडला. सलाउद्दीनच्या तळावर मात्र खालच्या सरोवरातून उंटांवरून पाणी येत होतं. सकाळी त्याच्या लोकांनी वाळलेलं गवत-झुडूप पेटवलं आणि धूर ख्रिस्ती फौजेच्या तोंडावर गेला. हत्तीनच्या दोन शिंगांसारख्या टेकडीवर ४ जुलैला सगळं संपलं. गी पकडला गेला, येशूचा म्हणून पूजला जाणारा पवित्र क्रूस हातचा गेला. सलाउद्दीनने गीला गार पाणी दिलं आणि रेनाल्डला स्वतः मारलं. कैदेत सापडलेल्या टेम्पलर-हॉस्पिटलरांचे शिरच्छेद झाले. उदार सलाउद्दीनच्या गोष्टी सांगताना हा भाग लोक गाळतात. इब्न अल-अथीर सांगतो की साधारण वर्षभराने तो तिथून गेला तेव्हाही हाडं लांबून दिसत होती.

त्यानंतर किल्ल्यांचं काय झालं ते बघा. शिबंदी हत्तीनला मेली किंवा कैदेत होती. अक्का आठवड्याच्या आत शरण आलं, मग सायदा, बैरूत, सप्टेंबरात अस्कलान. जेरुसलेममध्ये लढू शकणारे नाइट बोटांवर मोजण्याइतके उरले होते. बायकोला न्यायला सलाउद्दीनच्याच परवान्याने आलेला ख्रिस्ती सरदार बालियन शहराच्या आग्रहाने थांबला आणि सोळा वर्षांवरच्या सरदारपुत्रांना आणि काही नागरिकांना त्याने नाइट केलं. २ ऑक्टोबर ११८७ला शहर तहाने सलाउद्दीनच्या हाती गेलं. १०९९सारखी कत्तल झाली नाही हे खरंच, पण ती निव्वळ दया नव्हती. आधी तलवारीनेच घेईन म्हणणाऱ्या सलाउद्दीनला बालियनने कळवलं होतं की तसं झालं तर आम्ही आतले मुस्लिम कैदी मारू आणि डोम ऑफ द रॉक ही घुमटाची पवित्र वास्तू पाडू. मग खंडणी ठरली, पुरुषाला दहा दीनार, बाईला पाच. गरिबांपैकी काही हजार एकगठ्ठा रकमेवर सुटले, उरलेले हजारो गुलाम झाले.

शहर परत घ्यायला आलेला इंग्लंडचा राजा रिचर्ड याचा प्रसंग माझ्या म्हणण्याला सगळ्यात चांगला आधार देतो. ११९१ला त्याने अक्का घेतलं, अडीच हजारांहून जास्त कैदी कापले, आर्सूफला सलाउद्दीनला हरवलं, आणि मग दोनदा, जानेवारी आणि जून ११९२ मध्ये, जेरुसलेमपासून जेमतेम वीस किलोमीटरवरच्या बैत नूबापर्यंत येऊन परत फिरला. भ्याला म्हणावं तर तो भिणारा माणूस नव्हता. कारणं रुक्ष आहेत. याफा बंदरापासूनची रसदेची वाट लांब आणि उघडी होती, शहराभोवतीच्या विहिरी आणि टाक्या सलाउद्दीनने बुजवल्या किंवा नासवल्या होत्या, हिवाळ्यात चिखल आणि पाऊस. पण तिथे जन्म काढलेले टेम्पलर, हॉस्पिटलर आणि स्थानिक सरदार यांनी जो सल्ला दिला तो याहून खोल होता : समजा शहर घेतलं, तर हे सगळे यात्रेकरू समाधीचं दर्शन घेऊन दुसऱ्या दिवशी घरी जातील. मग राखणार कोण? १०९९ला जे घडलं ते त्यांना नीट ठाऊक होतं. रिचर्डला आधी इजिप्त हवं होतं, कारण जेरुसलेमची किल्ली कैरोत आहे हे त्याने ओळखलं होतं, पण साध्या सैनिकाला कैरोशी घेणंदेणं नव्हतं. अखेर सप्टेंबर ११९२ मध्ये तह झाला. किनारा ख्रिश्चनांकडे राहिला आणि जेरुसलेममध्ये यात्रेची मोकळीक मिळाली. सहा महिन्यांत सलाउद्दीन वारला आणि भावा-मुलांत वाटण्या सुरू झाल्या.

तक्त्यातले रकाने पुन्हा वेगळे झाले, तेव्हा काय झालं? कैरोच्या अल-कामिलचं दमास्कसच्या भावाशी बिनसलं आणि त्याने जर्मन सम्राट फ्रेडरिक दुसरा याच्याशी बोलणी लावली. पोपने बहिष्कृत केलेल्या या सम्राटाने फेब्रुवारी १२२९ मध्ये दहा वर्षांच्या कराराने जेरुसलेम मिळवलं. हरम-शरीफचा, म्हणजे अक्सा मशिदीचा परिसर मुसलमानांकडे, बाकी शहर ख्रिश्चनांकडे. एकही लढाई झाली नाही. दोन्हीकडचे धर्माभिमानी खवळले. पण राखायला माणसं नव्हतीच, तट धड बांधलेले नव्हते, आणि १२४४ला ख्वारिज्मी तुर्कांच्या टोळ्यांनी ते सहज घेतलं. १२६० नंतर ममलूकांनी, म्हणजे गुलाम म्हणून आणलेल्या सैनिकांतून वर आलेल्या इजिप्तच्या राज्यकर्त्यांनी, कैरो आणि दमास्कस कायमचे एका मुठीत आणले. त्यांची फौज सुगीला घरी जाणारी नव्हती, ती खडी आणि पगारी होती. त्यांचा सुलतान बैबर्स याने १२६८ला अँटिओक घेतलं, १२८९ला त्रिपोली गेलं, आणि १८ मे १२९१ला अक्का. नंतर ममलूकांनी किनाऱ्यावरची बंदरंच उद्ध्वस्त केली, पुन्हा कोणाला उतरायला जागा राहू नये म्हणून.

म्हणून तुमच्या प्रश्नातल्या दोन पर्यायांपैकी मी दोन्ही अर्धेच घेईन. सलाउद्दीन आणि गी यांनी तारीख ठरवली. राज्य टिकतं की नाही हे शेजाऱ्यांच्या फुटीवर आणि आपल्या वस्तीवर ठरत होतं, आणि पहिली गोष्ट त्यांच्या हातात नव्हती, दुसरी त्यांना जमली नाही. माझ्या या मांडणीत त्रुटीही आहे. बायझंटाइन साम्राज्याला मी बाजूला ठेवलं आहे, आणि ११८०-८२ मधल्या तिथल्या सत्तापालटांमुळे जेरुसलेमचा एक आधार तुटला, असं कोणी म्हटलं तर मी हरकत घेणार नाही.

राहिला गोव्याचा प्रश्न. संबंध आहे, आणि तो कागदोपत्री आहे. १३१२ला पोपने टेम्पलरांचा संघ बरखास्त केला. पोर्तुगालच्या राजाने त्यांची तिथली मालमत्ता वाया जाऊ दिली नाही. १३१९ला ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ नावाचा नवा संघ काढून ती त्याच्याकडे वळवली. १४२०पासून या संघाचा कारभार राजपुत्र हेन्रीकडे होता आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याने जाणाऱ्या जहाजांच्या खर्चाला त्याचं उत्पन्न कामी आलं. वास्को द गामाच्या जहाजांवर याच संघाचा क्रूस होता. पोर्तुगालचा राजा मॅन्युएलच्या डोक्यात जेरुसलेम मुक्त करण्याचे मनोरे होते, आणि गोवा घेणारा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याने नाईलचा प्रवाह वळवून इजिप्त सुकवण्याचा आणि मदिनेवर छापा घालून जेरुसलेमच्या बदल्यात सौदा करण्याचा बेत केल्याचं त्याच्या मुलाने नोंदवलं आहे. पण म्हणून १५१०चं गोवा म्हणजे धर्मयुद्ध, असं सरळ समीकरण मांडू नका. आदिलशाहीचं ते बंदर घोड्यांच्या व्यापाराचं मोठं ठाणं होतं, आणि पोर्तुगीजांना तिकडे वळवणाऱ्यांत तिमय्या हा स्थानिक हिंदू सरदार पुढे होता. नोव्हेंबरात शहर पुन्हा घेतल्यावर अल्बुकर्कने तिथल्या मुसलमानांची कत्तल केली ती मात्र जुन्या वैराच्या भाषेत, आणि राजाला तसं अभिमानाने लिहूनही कळवलं. तेव्हा तिमय्याचा हिशेब वेगळा, अल्बुकर्कचा वेगळा. दोन्ही स्वतंत्रपणे वाचलेत तर गोव्याचं चित्र जास्त नीट लागेल.